यार्देनचा झगा

यार्देन नदीत घातलेला झगा धुवायचा नसतो. बाहेर आलं की पिळून पिशवीत घालायचा, घरी आणून वाळवायचा आणि घडी करून पेटीत ठेवायचा. पुन्हा तो अंगावर चढतो एकदाच, आणि तेव्हा तो आपला आपल्याला घालता येत नाही. हे कुठं लिहिलंय का, मला माहीत नाही. पण नांदेडच्या चर्चच्या मंडळीतली एक म्हातारी तशी पुरली गेली, पांढऱ्या झग्यात, उशाशी क्रूस, क्रुसावर नाव. माझ्या मायनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून तिनं एकच लावून धरलं. मला पवित्र देशात न्या, प्रभूनं बाप्तिस्मा घेतला त्या यार्देनवर न्या, मला तो झगा पाहिजे.

आम्ही ख्रिस्ती. म्हणजे घरात आणि चर्चमध्ये ख्रिस्ती. कागदावर हिंदू मातंग. माय-बापाचा बाप्तिस्मा लग्नानंतर मुदखेडजवळच्या एका मळ्यातल्या विहिरीत झाला. बाप रेल्वेत गँगमन होता. आमची नावं शाळेत घालताना मास्तरनं विचारलं नाही आणि बापानं सांगितलं नाही. पुढं कळलं की ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाते, मग तसंच राहू दिलं. आमच्या मंडळीत अशी घरं बरीच आहेत. पोट एका बाजूला, देव दुसऱ्या बाजूला. कुणी कुणाला विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्याही घरात तेच असतं.

माझा धाकटा भाऊ भोकरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे, राखीव जागेवर. बाप गेला तेव्हा सगळा कारभार त्यानं हातात घेतला. चर्चच्या पाळकसाहेबांनी घरातच, दार लोटून, हळू आवाजात प्रार्थना केली. गाणं नाही. मग भावानं बापाला ख्रिस्ती दफनभूमीत न नेता आमच्या समाजाच्या जुन्या जागेत नेलं. शाळेतले गुरुजी मातीला आले होते ना! उशाला एक दगड ठेवला, बस. ज्या माणसानं आयुष्यात एक रविवार चुकवला नाही त्याच्या डोक्याशी दोन काड्यांचा क्रूससुद्धा नाही. माय आठ दिवस भावाशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ते एवढंच, "त्याचं केलास ते केलास. माझं तसं करू नको."

मी लातूरला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे आणि तोंडाची फाटकी आहे. त्या आठ दिवसांत मी भावाला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

पाळकसाहेबांनी सहल काढली तेव्हा मायनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि आम्हा दोघांना म्हणाली, चला. तिकडं लढाई पेटायच्या आधीची गोष्ट. भाऊ तयार झाला याचंच मला नवल वाटलं. त्यानं शाळेत परवानगीच्या अर्जावर 'पर्यटन' लिहिलं आणि स्टाफरूममध्ये सांगितलं, आईला पिरॅमिड बघायचेत. नांदेडहून बसनं हैदराबाद, तिथून विमान. माय विमानात खिडकीशी बसली, पायाशी धपाट्यांचं गाठोडं. मुदखेड जंक्शनच्या पुढं एकटी कधी न गेलेली बाई. पट्टा बांधायला आलेल्या पोरीला म्हणाली, "आवळ बाई, पर लई नको."

तिथं गेल्यावर भावानं एक गंमत केली. गंमत कसली! पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांचे मोबाईल गोळा केले आणि जाहीर करून टाकलं की फोटो मी काढणार. चाळीस माणसांची मंडळी खूष. बेथलेहेमला काढले, गालीलच्या नावेत काढले, जैतुनाच्या झाडाखाली काढले. "भाऊ, इकडून घ्या, मागचा घुमट येऊ द्या." पाळकसाहेबांनी बसमध्ये माईकवर त्याचं कौतुक केलं, बघा, सेवा कशी करावी ती. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. कारण मला तिसऱ्या दिवशी उमगलं होतं. शेकड्यांनी फोटो निघाले आणि हा बाबा एकाही फोटोत नव्हता. जो काढतो तो येत नाही, एवढं साधं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बेथलेहेमला जिथं प्रभू जन्मला म्हणतात त्या चर्चचं दार इतकं ठेंगणं आहे की वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. माय आधीच कमरेत वाकलेली, ती सरळ आत गेली. भाऊ बाहेर उभा, हातात चार मोबाईल. ती आतून ओरडली, "ये की रे, डोकं न्हाई लागत!" तो म्हणाला, "तू पुढं हो माय, मी बाहेरून घेऊन राहिलो." ती एकटीच पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाश्त्याला माय खाली यायच्या आधी मी त्याला गाठलं. पुढ्यात उकडलेली अंडी आणि ते खारट जैतून.

"बापाला लपवलास," मी म्हणाले, "आता मायला पण लपवणार आहेस का?"

तो अंडं सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "अक्का, तुला बोलायला काय जातंय. आमच्या केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतल्या एका मास्तरची तक्रार झाली. निनावी. लग्नातला एक फोटो, चर्चमधला. गेलं दीड वर्ष तो चौकशीला चकरा मारून राहिलाय. त्याची बायको, पोरं बघितलीस का तू?"

"म्हणून मायला क्रूस द्यायचा नाही?"

"मायच्या क्रुसावर तिचं नाव येणार. नावाखाली लोक माझं नाव वाचणार." त्यानं अंडं तसंच ठेवलं. "मी काय खुशीनं केलं का बापाचं? तुला काय वाटतं, मला झोप लागती?"

त्याचे डोळे भरले होते. मला दया यायला पाहिजे होती. नाही आली. मी म्हणाले, "भित्रा आहेस तू, भित्रा," आणि उठले. तेवढ्यात लातूरहून पोरीचा फोन आला. माझी एकुलती एक पोर, तेव्हा बारावीला होती, डॉक्टरकीच्या क्लासला जात होती. टेस्टमध्ये किती मार्क पडले ते ती रोज सांगायची. मी तिथंच उभी राहून तिच्याशी पाच मिनिटं गोड गोड बोलले.

त्याच दिवशी आम्ही यार्देनवर गेलो. मला वाटलं होतं गोदावरीसारखं पात्र असेल. कसलं काय, आपल्याकडचा कालवा बरा. हिरवंगार पाणी, काठाला झाडं, पाण्यात उतरायला पायऱ्या आणि धरायला लोखंडी कठडे. अगोदर एका खिडकीवर झगे मिळतात. भाड्यानं घेऊन परत देता येतात, विकतही मिळतात. मायनं विकतच घेतला, दोन वेळा विचारून, "ह्यो माझाच ना? परत न्हाई ना मागणार?" झगा तिला मोठा झाला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मी दुमडून द्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे. भरपूर हाय ते बरंय."

पाळकसाहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. आधी त्यांनी सांगितलं की हा दुसरा बाप्तिस्मा नव्हे, बाप्तिस्मा एकदाच असतो, ही त्याची आठवण. मग एकेकाला नावानं हाक मारू लागले. मायचं नाव आलं. मी तिचा हात धरून तीन पायऱ्या उतरले. पायाला बारके मासे टोचतात, ती दचकली आणि हसली. सत्तरी ओलांडलेली बाई पोरीगत हसली. मग थांबली आणि मागं वळून बघितलं.

भाऊ काठावर होता, मोबाईल डोळ्यापुढं धरून.

"ये की रे," माय म्हणाली. "बापाच्या नावानं ये. एक हात तू धर, एक ही धरील."

सगळी मंडळी त्याच्याकडं बघायला लागली. कुणी तरी म्हणालं, "जा मास्तर, मोबाईल द्या इकडं, आम्ही काढतो की." आणि हात पुढं केला. भावानं मोबाईल दिला नाही. घट्ट धरला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त मोबाईलची पाठ दिसत होती.

"माय, तू घे बुडी," तो म्हणाला. "मी काढून राहिलो ना."

मायनं बुडी घेतली. वर आली तेव्हा पांढरे केस कपाळाला चिकटले होते आणि ती तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. पाणी होतं की डोळे वाहत होते, मला सांगता येणार नाही. मी मात्र उघड रडले. रडत रडत भावाला मनात शिव्या दिल्या, त्या पवित्र पाण्यात उभी राहून.

मुदखेडला परत आल्यावर माय झगा बाहेरच्या दोरीवर घालायला निघाली तर भाऊ म्हणाला, "माय, आत वाळव." मग मधल्या खोलीत, खिडकी लावून, दोरी बांधली. आठ दिवसांनी मी परत लातूरहून गेले तेव्हा झगा वाळला होता पण खोलीत ओलसर कुबट वास होता. भाऊ शाळेत, भावजय दळणाला. मायनं मला जवळ बसवलं.

"मी लई विचार केला," ती म्हणाली. "ह्या पोराच्या मागं लागून फायदा न्हाई. त्याचं बी बरोबर हाय, लेकरंबाळं हायत त्याला. मी तुझ्याकडं येते लातूरला. तिथंच डोळे मिटते. तुमच्या चर्चची जागा हाय, तिथं पुरा. तिथं मला कोण वळखतंय? लेकीच्या दारात मेली म्हणून लोक नावं ठेवतील, ठेवू द्या. तुझा बाप इकडं, मी तिकडं. वर गेल्यावर गाठ पडंलच की."

आता इथं मी काय म्हणायला पाहिजे होतं? 'चल.' एक शब्द. भावाला भित्रा म्हणणाऱ्या बाईला हा एक शब्द जड जायला नको होता.

पण लातूरच्या घरातल्या कपाटात एक निळी फाइल आहे. तिच्यात माझ्या पोरीचा जातीचा दाखला आहे, हिंदू मातंग. माझ्या नवऱ्याच्या घरचेही कागद आमच्यासारखेच. पडताळणीचा अर्ज गेलेला होता. डॉक्टरकीचा फॉर्म त्याच दाखल्यावर भरायचा होता. माझ्या दारातून आजीची मयत निघणार, पाळक पुढं, मंडळी गात, क्रूस घेऊन. गल्लीत दर दोन घरांआड क्लासची पोरं, आणि त्यांचे आईबाप एकमेकांच्या पोरांच्या मार्कांवर टपलेले. एक अर्ज, निनावी. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं आणि मला लाज वाटायच्या आधी भीती वाटली. ते मी आज कबूल करते.

मी म्हणाले, "माय, पोरीची ॲडमिशन होऊ दे. मग बघू."

मायनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. यार्देनच्या पायरीवरून मागं वळून भावाकडं बघितलं होतं, तसंच. मग "हाव, हाव" म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

पोरीला ॲडमिशन मिळाली, सरकारी कॉलेजात. मी पेढे घेऊन मुदखेडला गेले. मायनं पेढा डोळ्याला लावला, पोरीसाठी मोठ्यानं प्रार्थना केली, शेजारणीला बोलावून सांगितलं की माझी नात डॉक्टरीण होणार. मी वाट बघत होते, आता विचारील, मग विचारील. उत्तर घोकूनच आले होते, शिक्षण साडेपाच वर्षांचं असतं, माय, दाखला तोवर सांभाळावा लागतो. तिनं विचारलंच नाही.

जेवणं झाल्यावर तिनं पेटी उघडली. झगा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. वर कात्री ठेवली.

"तुझ्या बापाच्या शेजारीच टाका मला," ती म्हणाली. "क्रूस नको. ह्यो आतून घाला, वरून लुगडं नेसवा. कुणाला दिसतंय? देवाला दिसंल तेवढं बास. बाह्या तेवढ्या लांब हायत, पोलक्याच्या बाहेर येतील. काप त्या."

मी म्हणाले, "माय, नको गं."

"नको काय? मी मेल्यावर घाईत कोण कापत बसंल? तुझा हात चांगला हाय."

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं. वीस वर्षं मी टाके घालते आणि काढते, माझा हात कधी हलला नाही. मी कात्री चालवली. पहिली बाही सुटून खाली पडली. मी दुसरीला कात्री लावली तेव्हा ती वाकून बघत होती.

"सरळ काप गं," ती म्हणाली. "तिरकं जाऊन राहिलंय."