जुन्या रस्त्यावरचा खल

अटलांटाच्या उत्तरेला, आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, मागे झाडीत एक खोलगट पट्टा आहे. आम्ही त्याला ट्रेल म्हणायचो, फिरायची पायवाट. असे ट्रेल इकडे पैशाला पासरी. घर घेतलं त्याच हिवाळ्यात तिथे मला पानांखाली एक दगड सापडला, मधोमध वाटीएवढा खळगा असलेला. मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता! इंडियन स्टोअरमधला खलबत्ता म्हणजे नुसता शोभेचा. हा घरी आणला, खसाखसा घासला आणि त्यात लसूण-मिरचीचा ठेचा केला. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी दगडासकट ठेचा मांडायचे. "काकू, कसला ऑथेंटिक आहे!" पोरं म्हणायची, आणि मी फुगायचे.

गेल्या ऑक्टोबरात लायब्ररीने त्या ट्रेलवर हिस्ट्री वॉक ठेवला. माझ्या दहा वर्षांच्या लेकीला शाळेचा रिपोर्ट लिहायचा होता, म्हणून आम्ही दोघी गेलो. माहिती सांगायला ओक्लाहोमाहून चेरोकी या इथल्या मूळ जमातीच्या एक बाई आल्या होत्या, साधारण माझ्या आईच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, हा ट्रेल नाही, दोनशे वर्षांपूर्वीचा फेडरल रोड आहे. सरकारने तो चेरोकींच्या मुलखातून काढला. चेरोकींनीही त्याच्या कडेला खाणावळी थाटल्या, नदीवर होड्या चालवल्या. पण रस्त्याने आधी घोडागाड्या आल्या, मग जमिनीवर डोळा ठेवून माणसं आली, आणि शेवटी सैनिकांनी चेरोकींनाच घराबाहेर काढून पश्चिमेला, ओक्लाहोमाकडे हाकललं.

"माझ्या खापरपणजीचं घर इथेच कुठेतरी होतं," त्या म्हणाल्या. "बायका खळग्याच्या दगडात अक्रोडासारखी फळं ठेचायच्या. तुमच्यापैकी कोणाला असा दगड सापडलाय का? मला न्यायचा नाही. एकदा हात लावून बघायचाय."

लेक तोंड उघडणार, तोच मी तिचा दंड दाबला. ग्रीन कार्ड यायचंय, उगाच लफडं नको, असल्या सबबी नंतर सुचल्या. खरं सांगू? एवढ्या लोकांसमोर ठेच्याचं कसं सांगायचं, याचीच लाज वाटली.

गाडीत लेक रडकुंडीला आली. "आई, यू हॅव टु टेल हर!"

"उद्या नेऊन देते गं बाई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या लायब्ररीत होत्या. मी दगड साबणाने तीनदा धुतला, तरी लसणाचा वास जाईना. हा असा त्यांच्या हातात कसा ठेवायचा? लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीतच दगड मांडीवर घेऊन बसून राहिले. त्या बाहेर आल्या, मला ओळखून त्यांनी हात हलवला. मीही हलवला. त्या निघून गेल्या. इतकी भित्री मी आयुष्यात कधी नव्हते.

दगड गॅरेजमध्ये पेंटच्या डब्यांमागे गेला.

"दिलास?" लेकीने शाळेतून आल्या आल्या विचारलं.

"दिला."

"डिड शी क्राय?"

"हो, रडल्या," मी म्हटलं. शी! जीभ कशी झडली नाही माझी?

लेकीने चित्र काढलं: त्या बाई आणि त्यांच्या दोन्ही हातांत तो दगड. खाली स्वतःचं नाव आणि आमचा पत्ता. ते पोस्टात टाक म्हणून माझ्याकडे दिलं. अजून माझ्या पर्समध्येच आहे. लेक रोज मेलबॉक्स उघडून बघते. परवा म्हणाली, "आई, त्यांचा रिप्लाय का नाही आला?"

मी म्हटलं, "म्हाताऱ्या आहेत गं, विसरल्या असतील."