खांद्यावरचे दात

नालवाडीत सकाळी फिरायला जाताना एक म्हातारा मला रोज दिसायचा. वरातीतला त्याचा घोडा आता थकला होता, फासळ्या मोजता येतील इतका वाळला होता. वर खोड अशी, की घास सोडून फाटकाच्या लाकडात दात रोवायचा आणि ढेकर दिल्यासारखा आवाज काढत नुसती हवा गिळायचा.

म्हाताऱ्यानं लाकडाला मिरचीचा ठेचा फासला. घोड्यानं तो चाटून साफ केला.

"आपल्या इकडला हाय. तिखटाले भेते काय," म्हातारा अभिमानानं म्हणाला.

मग एके दिवशी त्यानं घोडा मोकळ्या मैदानात नेला. मीही मागोमाग गेलो. तिथं लाकूडच नव्हतं. भिजवलेल्या चण्यांची बादली घेऊन तो स्वतः पुढ्यात उभा राहिला. घोड्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ म्हाताऱ्याच्या खांद्यावर दात टेकवले. लांबलचक ढेकर दिला आणि मग मान खाली घालून अख्खी बादली फस्त केली. हसून हसून आम्ही दोघं खाली बसलो.

"दुखत नाही का?" मी विचारलं.

"चावत नाई तो. त्याले टेकाले कोणी पाह्यजे, बस." मग त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमचा खांदा बी चांगला रुंद हाय. उद्या येजा."

दुसऱ्या दिवशी मी जुना सदरा घालून गेलो.