ओव्हनला संध्याकाळ नसते

मे महिन्यात भर दुपारी सोलापुरात गच्चीवर बसून डबा खाणारी एकच बाई मी पाहिली. त्या आमच्या मॅडम; प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली काम करायचो. पाण्याच्या टाकीची हातभर सावली असायची, तीत पोळीभाजी घेऊन बसायच्या आणि समोर उन्हात मांडलेल्या काचेच्या तुकड्यांकडे बघत जेवायच्या. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारख्या. कॉलेजातली पोरं त्यांना उन्हाळेबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

त्या काचांत पॉलिमरचा पातळ थर असायचा. प्लॅस्टिकच्या जातीचा, शाईसारखा पसरता येणारा सोलर सेल. उन्हावर वीज द्यायचा आणि उन्हाच्या तापानेच मरायचा. थरात दोन द्रव्यं मिसळलेली असतात. तापली की ती फुटून वेगळी होतात आणि वीज उतरते. मार्चमध्ये जोमात असलेल्या काचा मेच्या मध्याला मान टाकत. बाकीचे लोक सेल ओव्हनमध्ये तापवून तपासतात, मॅडम गच्चीवरही ठेवायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "ओव्हनला संध्याकाळ नसते रे. आपल्याकडं तापतं, निवतं, परत तापतं. त्यानंच माणूस खचतो." सेल म्हणायच्या जागी माणूस म्हटलं, हे त्यांच्या लक्षातही येत नसे.

उपाय मात्र त्यांना स्वयंपाकघरात सुचला. "कढीला बेसन कशाला लावतात? फुटू नये म्हणूनच की. आपल्यालाही असं तिसरं काहीतरी लागणार, चिमूटभर." ते चिमूटभर शोधण्यात त्यांची चार वर्षं गेली. कढीचा विषय निघाला की हटकून पुढे म्हणत, "एकट्या माणसाची कढी मात्र कधी जमत नाही बघ. दोन वाट्या उरतेच." भाड्याच्या एका खोलीत त्या एकट्या राहत. गावी, नातेपुत्याला आई होती, तीही एकटीच. मॅडम रविवारीही प्रयोगशाळेत दिसायच्या. आज सुट्टी ना, असं मी एकदा विचारलं. "घरी जाऊन कुणाशी बोलू? हितं निदान मीटरवरचा आकडा तरी हलतो," त्या म्हणाल्या आणि मीटर लावायला लागल्या.

त्यांची नोकरी कंत्राटी होती, दरवर्षी नव्याने मिळायची. पाचव्या वर्षी विभागप्रमुखांनी सांगूनच टाकलं, की या उन्हाळ्यात सेल टिकलेला दिसला तरच पुढचं वर्ष. तिसरं द्रव्य घातलेल्या काचा तेव्हा पहिल्यांदाच गच्चीवर होत्या. नेमकी त्याच मेमध्ये मॅडमची आई गेली. तेरा दिवसांसाठी नातेपुत्याला जाताना मला म्हणाल्या, "सकाळी दहाला रीडिंग घे. आणि दुपारी एकदा वर जाऊन नुसती नजर टाकून ये." रीडिंग मी घेतलं. दुपारी मात्र एकदाही वर गेलो नाही. पंखा सोडून त्या भट्टीत कोण जाणार!

त्या परत आल्या तेव्हा आकडा जराही उतरला नव्हता. मॅडमनी वही तीनदा पाहिली, धावत जाऊन प्रमुखांना सांगून आल्या आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. तशा हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. चहा घेऊन आले आमचे शिपाई, नरसय्या काका. तेलुगू विणकर घरातले, निम्मं आयुष्य मागावर काढलेले. कप ठेवत मोठ्या आनंदाने म्हणाले, "टिकणारच की बाई! तुमी गेल्यापासनं रोज अकराला वर जाऊन त्याच्यावर चादर टाकलो की मी. पाचला काढलो. आई गेली, त्यात हे पण जळालं तर बाईंना काय राहतंय, म्हणून."

एक दिवस जरी मी दुपारी वर गेलो असतो, तरी ती चादर मला दिसली असती. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "काका, चहा झकास झालाय." कप पूर्ण संपवला. मग वहीतल्या त्या तेरा दिवसांवर रेघ मारली, शेजारी 'सावलीत' असं लिहिलं आणि उठून पुन्हा प्रमुखांकडे गेल्या. त्यांनी सांगितलं नसतं तर प्रमुखांना कळलंही नसतं.

पुन्हा तपासायला उन्हाळा उरला नव्हता; जूनमध्ये त्यांची नोकरी गेली. निघण्याआधी दोन दिवस बसून त्यांनी शेवटच्या सहा काचा केल्या, तिसऱ्या द्रव्याचं प्रमाण जरा बदलून. डबी माझ्या हातात देत म्हणाल्या, "जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात वर ठेव." नातेपुत्याला त्या शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेतात, असं नंतर कानावर आलं. मला फोन करायचीही लाज वाटायची.

पुढच्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी वर गेलो. टाकीच्या त्याच सावलीत डबा खाल्ला. गच्चीवर माणूस नाही, खाली रस्त्यावर माणूस नाही. मी काचांशी बोलायला लागलो, आणि मॅडमनी इथे काय काढलं असेल ते मला तेव्हा कळलं. एप्रिलमध्ये आकडा थोडा उतरला आणि तिथेच थांबला. मे संपला तरी हलला नाही. मग मात्र धीर करून फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "वरनं कुणी चादर टाकली नव्हती ना रे?"

"नाही मॅडम. काका थंडीतच गेले."

"मग खरं असणार," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.