पळीभर तीर्थ

पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून एकविसाव्या दिवशी सकाळी मी टबावर टॉर्च धरला, पण ती प्रकाशाकडे आली नाहीत. कोळंबीचं पिल्लू पारदर्शक असतं, तांदळाच्या कणीएवढं, पण उजेड दिसला की त्याच्याकडे झेपावतं. ही तळाशी स्वतःभोवतीच फिरत होती. काही आडवी पडून नुसते पाय हलवत होती.

आमचं घर डिचोलीत, बाजारापासून जरा आत. खाणीच्या प्रयोगशाळेत मी खनिजाचे नमुने तपासायचो. खाण बंद झाली, मी घरी बसलो आणि मागच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची टाकी मांडली. तिच्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या शोभेच्या कोळंब्या. शेजारी कुंपणावरून विचारायचे, "सुंगटां मोठी जाली? हुमण कधी?" शोभेच्या कोळंबीची आमटी करायची म्हटली की मी चिडायचो, म्हणून ते रोज विचारायचे. अंडी कोळंबी सहज घालते. घोडं अडतं ते पुढे. पिल्लं वेगळ्या टबात सव्वा-दीड महिना अधांतरी तरंगत जगवावी लागतात, मग एक दिवस ती तळाला बसतात आणि मोठ्यांसारखी चालू लागतात. चार वेळा माझी सगळी पिल्लं त्याआधीच मेली होती. ही पाचवी खेप होती, आणि मादी म्हातारी झाली होती.

पण माझा जीव टांगणीला लागला होता तो आईमुळे. बाबा शेवटचे दोन महिने अंथरुणावर होते आणि त्यांचं सगळं तिनेच केलं. ते गेल्यावर ती बोलेनाशीच झाली. स्वयंपाक करायची, देवपूजा करायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर. या खेपेला तिच्या मनात काय आलं कोण जाणे, एका दुपारी ती टबापाशी येऊन वाकली आणि म्हणाली, "डोळे केवढे रे हेंचे!" वर्षभरात ती आपणहून बोलली ते एवढंच. मी धावत जाऊन तिच्यासाठी स्टूल आणलं. त्या दिवसापासून मी बाहेर असलो की पहारा तिचा. पिल्लं जेवली का, काल होती तेवढीच आहेत का, सगळं मला सांगायची. ही पिल्लं मेली तर आई पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार, हे मला दिसत होतं.

म्हणून मी पिसाटल्यासारखा शोध घेऊ लागलो. पाणी केरीच्या किनाऱ्यावरून मी स्वतः स्कूटरवर कॅन लादून आणलेलं, तेही गाळून. खारटपणा बरोबर, उष्णता बरोबर. रस्त्यावर खनिजाचे ट्रक पुन्हा दिसू लागले होते, म्हणून खिडकीला ओली चादर बांधली. तरी तिच्यावर लाल धूळ बसायचीच. गल्लीत डासांसाठी धूर मारायला माणूस आला, त्याच्याशी मी भांडलो. तांबं म्हणजे कोळंबीला विष, त्याचा नुसता अंश पुरतो. म्हणून खोलीतला पितळी नळ तर मी पहिल्याच वर्षी काढून टाकला होता. आता प्लॅस्टिकच्या नळावरही माझा संशय गेला.

बाविसाव्या दिवशी चाळीसेक मेली, तेविसाव्या दिवशी त्याहून जास्त. मी रबरी नळीने तळातली मेलेली ओढून काढायचो आणि आई शेजारी उभी राहून बघायची. "या खोलीत कोणी अगरबत्ती आणली तर याद राखा," मी ओरडलो. घरात आम्ही दोघंच, तेव्हा ते कोणाला होतं ते सांगायला नको. मग हातातली नळी आपटून म्हणालो, "आता देवानेच बघावं यांच्याकडे!"

"बघतलो," आई शांतपणे म्हणाली.

सव्विसाव्या दिवशी दुपारी टबात हिरवं काहीतरी बुडबुड्यांबरोबर वरखाली होताना दिसलं. मी चमच्याने काढलं. तुळशीचं पान होतं.

मी देवघरात गेलो. आई रोज देवांना तांब्याच्या ताम्हनात दही-दुधाने न्हाऊ घालते आणि ते तीर्थ तांब्याच्याच पंचपात्रात दुपारपर्यंत ठेवते. पंचपात्राच्या कडेला हिरवट रेघ चढली होती. आंबट तांब्यात कळकतं, ताक कधी त्यात ठेवायचं नाही, हे मला तिनेच शिकवलेलं. पण तीर्थ तिच्या लेखी ताक नव्हतं. मी खोलीतला नळ बदलला, रस्त्यावरच्या माणसाशी भांडलो, आणि जन्मभर ज्याच्यापुढे हात पसरला ते भांडं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. प्रयोगशाळेत एवढी वर्षं घासून हीच अक्कल!

"टबात काय घालतेस तू?" पळी आणून टबापाशी उभ्या आईच्या हातात देत मी विचारलं.

"तीर्थ," ती म्हणाली. चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. "पयली एकच पळी घालीत होतंय. मरूक लागली तशी दोन. काल तीन घातलंय."

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. माझं तोंड आवरत नाही. तांबं काय करतं, दह्यात ते कसं उतरतं, सगळं तिला ऐकवलं, आणि शेवटी म्हणालो, "तूच मारलंस त्यांना." या वाक्याची मला आजही लाज वाटते.

ती स्टुलावर बसली. "देवाचा पाणी रे ता," एवढंच म्हणाली. मी पाणी बदलायला लागलो. टबात अकरा पिल्लं हलत होती. बराच वेळ झाला तरी ती उठेना, म्हणून मी वळून पाहिलं. ती हातातली पळी उलटसुलट करून बघत होती.

"तुझ्या बाबांक पण मीच देत होतंय," ती म्हणाली. "दुखणा वाढला तसा जास्त."

मी कॅन खाली ठेवून तिच्याजवळ गेलो. आई, माणसाला तेवढ्याने काही होत नाही, हे फक्त कोळंबीचं, बाबांचा आजार डॉक्टरांनी आधीच सांगितला होता. मी बोलत राहिलो, तिचे हात धरले. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, मी लहान असताना माझ्या थापांना हलवायची तशी.

अकरातली दोन पिल्लं पुढे तळाला बसली. मी हाक मारली, पण आई त्या खोलीत आली नाही.

त्याआधी, भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी मुद्दाम आंघोळ करून देवघरात गेलो होतो. पूजा झाली होती. मी उजवा हात पुढे केला आणि म्हणालो, "घाल. सगळं घाल, तुझ्यासमोर पितो."

तिने पंचपात्र पदराखाली ओढून घेतलं.

"तुका नको," ती म्हणाली. "तू एकटोच उरलंस माका."