कोलंबीत दूध

आमच्याकडे मासे असले की दुधाचं पातेलं ओट्यावर राहत नाही. जेवणं उरकेपर्यंत ते फ्रिजमध्ये पार मागे असतं. मासे आणि दूध एकत्र पोटात गेलं की अंगावर कोड उठतं, असं आईने मला सांगितलं आणि मी माझ्या मुलीला.

तीच मुलगी, परदेशातून सुट्टीला आलेली, काल शिजत्या कोलंबी-बटाट्यात खुशाल दूध ओतत होती. वर वाटीभर साय.

"चावडर म्हणतात याला, आई. तिकडे थंडीत सगळे हेच खातात."

मी दारात उभी राहून बघत राहिले. गॅस अगदी बारीक होता. डाव संथपणे एकाच दिशेने फिरत होता आणि तिची नजर पातेल्यावरून हलत नव्हती.

"सारखं कशाला ढवळतेस?"

"फुटेल ना! कढी करताना तू मला हात थांबवू द्यायचीस का?"

आपण मुलांना काय काय बांधून देतो. त्यातली भीती तिने वाटेत कुठेतरी उतरवून ठेवली होती. हात मात्र सोबत नेला. मी कधी पाहणार नाही अशा गारठ्यात, मला नाव न घेता येणाऱ्या पदार्थांत तो असाच फिरत असेल.

तिने वाटी दिली. पहिला घोट घेऊन मी नकळत मनगटाकडे पाहिलं. तिथे डागबिग काहीच नव्हतं.

"मिरी कमी पडलीय," मी म्हणाले, आणि रिकामी वाटी पुन्हा तिच्यापुढे धरली.