सुईणींचा फोटो

बहात्तर साली राजूरला तीन संस्थांनी मिळून सुईणींचं शिबिर घेतलं. दोन संस्था परदेशी, एक आमची. अक्कल तिन्हींत मिळून एकीपुरतीही नव्हती. समारोपाच्या फोटोत कुणाचा फलक मध्ये, यावर भांडण जुंपलं. तेवढ्यात शेजारच्या आळीत बाई अडल्याचा निरोप आला. शिबिरातली एक म्हातारी सुईण उठली, तसा मी शहाणा दारात आडवा.

"आजी, आधी फोटो होऊ द्या."

"पोर काय तुमच्या फोटूसाठी थांबनार हाय व्हय? सरक!"

ती गेली. अहवालात बारा सुईणी आधीच टाइप झालेल्या, फोटोत अकरा कशा चालतील? म्हणून मीच डोक्यावरून लुगडं ओढून तिच्या जागी बसलो.

संध्याकाळी ती परतली. पोरगी झाली होती, मायलेकी सुखरूप. आमचं भांडण चालूच होतं. मला लुगड्यात बघून तिनं विचारलं, "आन तुला रं कितवा म्हैना?"