नखावरचा रंग

मंगरूळपीरचा नितेश तळहाताएवढे ट्रॅक्टर बनवतो आणि एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेननं, रंगवतो. काम देखणं, माणूस हलकट. मी शेजारी आहे, रोज पाहतो.

ॲक्रिलिक रंग घट्ट राहिला तर एअरब्रश तुंबतो, फार पातळ झाला तर रंग ओघळतो. म्हणून नितेश थेंबाथेंबानं थिनर घालत रंग दुधाइतका पातळ करतो आणि आधी कशावर तरी उडवून बघतो. कशावर? बापाचा हात धरून त्याच्या नखांवर.

'पोरखेळ' म्हणून बापानं, उकंडरावांनी, त्याचा पहिला ट्रॅक्टर चुलीत घातला होता. आता लकव्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडलाय, वाचा गेलीय.

"काहून करून राह्यला बे असं?" मी एकदा भडकलो.

"बुढ्याले काय समजते आता?" नितेश हसला.

समजत होतं. सुरुवातीला म्हातारा तो लुळा हात गोधडीखाली लपवायचा. पुढे एअरब्रशचा कम्प्रेसर सुरू झाला की डाव्या हातानं उजवा उचलून स्वतःच पुढे करू लागला. दिवसभरात पोरगा त्याला हात लावायचा तो तेवढाच.

काल नितेशनं रंग कागदावर उडवून पाहिला. म्हाताऱ्याचा हात संध्याकाळपर्यंत तसाच पुढे होता.